सईचा पाट आणि अंबत्तूरची वारेमाप हौस

सईचं केळवण आमच्याकडे ठरलं आणि माझी जीभ घसरली. "विकतचा पाट नको, मी स्वतः रंगवणार," असं मी नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं. सई माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. चेन्नईत तिचं घरचं माणूस मी एकटीच. लग्नानंतर ती जर्मनीला जाणार. तिला पाटावर बसवून, भोवती रांगोळी काढून जेवू घालायची ही एकच संधी होती, आणि ती मला साजरी करायचीच होती. हौस दांडगी, कलेच्या नावाने शंख. म्हणून केळवणाच्या आदल्या दिवशी अंबत्तूरची ॲक्रिलिक पेंटिंगची कार्यशाळा गाठली.

आम्ही राहतो सिरुसेरीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बसने सेंट्रल, तिथे इडली-कॉफी, पुढे लोकल. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, उन्हात माणसाचाच रंग उडतो. फीमध्ये पाट, रंग, ब्रश आणि दुपारचा लिंबूभात धरलेला असतो.

शिकवणाऱ्या कमलाबाई तंजावरच्या मराठी घरातल्या, निवृत्त चित्रकला शिक्षिका. मराठी आपल्याहून जुनी, चाल तमिळ. आम्ही सगळ्या आयटीवाल्या. पाटाला हात लावायच्या आधीच आमचे एप्रनमधले फोटो पोस्ट झाले होते.

"पहिलं पॉलिश पेपरनं घासायचं, मग बेसकोट. पातळ, दोनदा. मधी वाळू द्यायचं. अवसर नको मा," बाई म्हणाल्या. अवसर म्हणजे घाई. आमच्या ऑफिसात पहिला कोट ओला असतानाच गिऱ्हाइकाला वॉर्निश दाखवतात, त्यामुळे आम्हाला हे फार जड गेलं.

मग डबल लोडिंग. चपट्या ब्रशच्या एका कोपऱ्याला गुलाबी, दुसऱ्याला पांढरा रंग घ्यायचा, की एका फटक्यात छटेसकट पाकळी उमटते. बाईंची उमटली. माझी सुजलेल्या ओठासारखी दिसत होती. कॉमा स्ट्रोकला ब्रश दाबायचा, ओढायचा, हलकेच उचलायचा. माझे स्वल्पविराम बेडूकमासे झाले. शेजारची मात्र प्रत्येक चुकीला "ही माझी स्टाइल" म्हणत होती आणि मला तिचा हेवा वाटत होता.

मधल्या चित्रासाठी मोर, कमळ, गणपती असे नमुने होते. शुभकार्य म्हटल्यावर गणपतीच, त्यात विचार कसला करायचा? एक डोळा मोठा, एक बारीक झाला, पण झाला. ग्रुपवर फोटो टाकला. अंगठ्यांचा पाऊस. बहिणीने लिहिलं, "अगदी जिवंत वाटतोय."

परतीच्या लोकलमध्ये वॉर्निश चिकटू नये म्हणून पाट उघडाच पायाशी टेकवला. समोरच्या बाईंनी तो पाहिला, चपला काढल्या आणि चक्क उठून उभ्या राहिल्या. "सामीला खाली नका ठेवू," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "इथे बसवा."

गणपती सीटवर बसले. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उद्या यांच्यावर सई बसणार होती. अख्ख्या खानदानाने अंगठे दाखवले होते, कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. ॲक्रिलिकवर वाळल्यावर दुसरा रंग सहज चढतो, सकाळीच शिकले होते. पण देवाच्या तोंडावर बेसकोट मारायचा कसा? रडूच आलं मला.

दुसऱ्या दिवशी सई आली. मी दारातच सगळं सांगितलं. ती हसून हसून भिंतीला टेकली. मग तिने पाट रांगोळीत ठेवला, पहिलं पान गणपतीपुढे मांडलं आणि स्वतः शेजारी सतरंजीवर बसली.

"मावशी, केळवण माझं की याचं?"

पुरणपोळ्या तिने चार खाल्ल्या.

आता घरात त्या सहलीचा उरलाय एक न धुतलेला, दगड झालेला ब्रश आणि कोपरावरचा निळा डाग. पाट सईने नेला. बॅगेत बसतो का, हे तिने जेवायच्या आधीच पाहून ठेवलं होतं.

"तिकडे देवघर नाहीये," ती म्हणाली. "आणि चष्मा काढलास की तूही अशीच बघतेस."