दिगंबरदाजींची सीट

डोळे मिटले की वास वाढतो. उघडे असताना तो गाडीत असतो, मिटले की थेट माझ्या तोंडात येतो. आंबूस, उबट, शिळ्या ताकात ओले बूट बुडवून ठेवल्यासारखा. मी कराडला, वैजूताईच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, दाजींच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवी झालेय. चारही दारं उघडी टाकलीत. दुपारची वेळ, सगळं गाव जेवून निजलेलं. जरा पाठ टेकू आणि पुन्हा कामाला लागू, असं स्वतःला सांगतेय.

पुढची, ड्रायव्हरची सीट अजून तशीच आहे. उन्हाळ्यात ताईसोबत साताऱ्याहून येताना दाजींच्या छातीत कळ आली. त्यांनी गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग ओकले. शर्टावर, मांडीवर, त्या बिस्किटी रंगाच्या लेदरवर. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गाडी कुणीतरी आणून लावली, वर कव्हर घातलं, आणि अख्खा पावसाळा तिला कुणी हात लावला नाही. ताई म्हणते, भंगारात घाला. पण तिचे गुडघे गेलेत, दवाखान्याच्या खेपा चालूच आहेत, आणि गाडी तिला चालवता येते. दाजींनीच शिकवलेली. म्हणून मी, तिची धाकटी बहीण, बाह्या वर करून आलेय.

सकाळी कव्हर ओढलं तर सीटवर हिरवट बुरशी, मांजराच्या अंगावरच्या लवेसारखी. मधोमध वाळलेला तपकिरी पोपडा, शिवणीत शिरून बसलेला. त्यात भाताचं एक शीत अजून शीत म्हणून ओळखू येत होतं. मला उमासे आले. भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. परत आले, मागची सीट फिनेलनं कशीबशी पुसली. पुढचीला हात घालवेना.

वास आता पापण्यांच्या आत शिरतो. पाठीखालची सीट कोमट होते.

"फिनेल आणलंयस?"

दाजी पुढं बसलेत. स्वतःच्या जागेवर नाही, शेजारच्या सीटवर, अंगाखाली रुमाल पसरून. दिगंबरदाजी असेच. नळ-पाइपांचं दुकान चालवलं सगळा जन्म, पण शर्टाला डाग पाहिला नाही कुणी. चहावर साय आली तरी कप सरकवून उठून जायचे.

"बादलीत आहे," मी म्हणते. "आणि घासणी."

"भांड्यांची?"

"हो."

त्यांच्या कपाळावर तीच जुनी आठी पडते. "उल्का, अगं कातडं आहे ते. तुझ्या गालाला फिनेल लावून घासणीनं घासशील?"

मी सीटकडे बघते. खरंच कातडं आहे. त्याला बारीक केस आहेत, आणि ते हळूच वर होतं, खाली जातं. श्वास घेतंय.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं, दाजी. मला घाण वाटते."

"वाटणारच. घाणच आहे. माझी आहे म्हणून काय अत्तर होणार आहे का?"

आम्ही ताईच्या स्वयंपाकघरात आहोत. गाडी ओट्याला लागून उभी आहे, आणि सीटवर साय धरलीय, जाड, पिवळट, सुरकुत्यांची. दाजी नाक मुरडत तिचं एक टोक चिमटीत धरतात.

"आधी कोरडं काढायचं," ते म्हणतात. "पाणी घातलंस की हे सगळं आत जाईल, शिवणीत, त्या भोकाभोकांत. मग कधीच निघायचं नाही. हातमोजे घाल. तोंडाला बांध. मऊ ब्रशनं, हलक्या हातानं झाड. खरवडू नकोस."

साय निघते. तिला लांबच लांब आवाज आहे, चिकटपट्टी सोलल्यासारखा. मी तोंड फिरवते. ओट्यावर दुकानातले नळ मांडलेत आणि सगळे ठिबकताहेत, कोमट.

"मग सौम्य साबणाचा फेस. फेसच फक्त, पाणी नाही. फडकं घट्ट पिळून घ्यायचं. आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात करून बघ, रंग सुटतोय का. सुटला नाही तर थोडं थोडं पुढं सरक. आणि लगेच कोरड्या कपड्यानं टिपायचं."

"मग उन्हात ठेवू?"

"वेडी आहेस का? तडकेल. सावलीत, दारं उघडी ठेवून. ब्लीच नको, स्पिरिट नको, खोबरेल तर अजिबात नको. शेजारचे सांगतील चोळा म्हणून. खवट होतं चार दिवसांत."

ते इतकं सगळं बोलतात, पण त्या सीटकडे एकदाही बघत नाहीत. नजर चुकवतात. मरून इतके महिने झाले तरी या माणसाला लाज वाटतेय. मला एकदम त्यांची कीव येते, आणि कीव आली तरी मळमळ काही जात नाही. दोन्ही एकदम.

"दाजी, फार त्रास झाला का?"

"छातीत झाला." आता आम्ही हायवेच्या कडेला आहोत. स्वयंपाकघर नाही, नुसतं ऊन, आणि ट्रक आवाज न करता जाताहेत. "वैजूचा हात माझ्या पाठीवर होता. मला उलटी झाली, तसा तिनं झटकन मागं घेतला. नाकाला पदर लावला."

"ताई कधी बोलली नाही."

"कशी बोलेल? तेच खातंय तिला. भंगारात घाला म्हणते ती काय गाडीला?"

ते रस्त्याकडे बघतात.

"तिला सांग, मीही घेतला असता. माझी मलाच किळस आली होती. लोकांना वाटतं, जाताना माणसाला देव आठवतो, मुलंबाळं आठवतात. मला एवढंच वाटलं, अरेरे, सीट खराब झाली." त्यांना हसू येतं. मग ते माझ्या हातांकडे बघतात. फिनेलनं बोटं उलून लाल झालीत, सालपटं निघालीत. "हे बघ काय करून घेतलंस. हेही कातडंच ना?"

ते खिशातून चपटी डबी काढतात, एरवी गाडीच्या सीटना लावायचे त्या मलमाची. बोटावर मलम घेतात, अगदी थोडं, आणि माझ्या पेरांवर चोळतात. त्यांची बोटं कोरडी आहेत, थंड आहेत. मेलेल्या माणसाची आहेत हे मला कळतं, अंगावर शिसारीचा काटा येतो. मी हात ओढून घेणार असते.

"अगं, मागं घेतलास तरी चालेल," ते म्हणतात.

मी घेत नाही.

"उल्के! इथं कशी झोपलीस गं या घाणीत?"

वैजूताई पार्किंगच्या खांबापाशी उभी आहे. हातात चहाचा कप, नाकाला पदर. एवढ्या महिन्यांत ती गाडीच्या इतक्या जवळ आलेली नाही. मी उठून बसते. तोंडाला कडू चव आहे.

"दाजी आले होते," मी म्हणते.

"काहीतरीच बोलू नकोस."

"म्हणाले, तू हात मागं घेतलास ते बरं केलंस. त्यांनीही घेतला असता."

ती कप बॉनेटवर ठेवते. मग विचारते, "तुला कुणी सांगितलं हे? मी देवासमोरसुद्धा बोलले नाही."

मी उत्तर द्यायला हात वर करते आणि थबकते. उजव्या हाताच्या पेरांवर पांढरं मलम आहे, उललेल्या भेगांतून भरलेलं, अजून ओलसर. मी तर फिनेलशिवाय कशालाच हात लावला नव्हता.

ताई जवळ येते. माझा हात धरून नाकाशी नेते.

"शी, कसला घाण वास येतोय तुझ्या हाताला," ती म्हणते. पण सोडत नाही. माझ्या पेरावरचं मलम ती आपल्या बोटावर निपटून घेते, गाडीत वाकते, आणि मी पुसलेल्या मागच्या सीटच्या कडेला हळूच चोळायला लागते.