रातपाळीची पत्रं

टेमघरात आमच्या मागच्या आळीत केसरीनाथ एकटे राहतात. चाळीस वर्षं त्यांनी जॉबरचं काम केलं, म्हणजे कापड-कारखान्यातले बिघडलेले लूम दुरुस्त केले. त्या खडखडाटात कान गेले. समोर बसून मोठ्यानं बोललं तर ऐकू येतं. फोनवर मात्र नुसतं "हां, हां" करून ठेवून देतात. म्हणून त्यांची मुलगी क्षितिजा, माझी जुनी विद्यार्थिनी, नर्स होऊन मस्कतला गेली तेव्हा जाण्याआधी तिनं बापाला ईमेल शिकवला. तिची आई कमळा आदल्या वर्षीच वारली होती. घरात बोलायला कुणी नाही, निदान वाचायला तरी काही असावं, असं ती मला म्हणाली होती.

ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. पत्र आलं की केसरीनाथ कॅलेंडरवर त्या तारखेभोवती निळ्या खडूनं गोल करत. बंद लूमवर खडूची खूण करायची ती जुनी सवय. पहिल्या वर्षी आठवड्याला दोन-दोन गोल असत. २००६ च्या गणपतींनंतर ते विरळ झाले. एखादा पंधरवडा सबंध कोरा जाई.

त्यांनी तक्रार केली नाही. "रातपाळी आसंल, बाई," ते मला म्हणत. "रातपाळीवरून आलेला मानूस बोलत न्हाय. मी पन कमळाशी किती येळा न बोलताच झोपलोय." मग तेही कमी लिहू लागले. तिला उत्तराचं ओझं नको म्हणून.

जानेवारीत एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. पत्र आलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं होतं, तरी मला वाचायला लावलं. 'बाबा, शेवटी करारावर सही केली. अजून तीन वर्षं. तुम्ही काहीच कळवलं नाहीत, म्हणजे तुमची हरकत नसावी.'

"इचारलं कवा हिनं?" ते म्हणाले.

"विचारलं असेल. पत्र पोचलं नसेल."

"बाकीची पोचतात ना?" त्यांनी पडद्यावरच्या पत्रांच्या यादीवरून बोट फिरवलं. "म्हंजे सगला लूम बंद न्हाय. काही धागेच तुटतात. मग तर बिघाड सापडंल."

त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी आठ दिवस नाक्यावरच्या जनरेटरवाल्या सायबर कॅफेत जाऊन रोज दोन मेल पाठवले, 'सकाळ एक', 'संध्याकाळ एक' असे. संध्याकाळचे सगळे आले. सकाळच्यांपैकी फक्त रविवारचा आला. 

केसरीनाथ कॅलेंडरसमोर उभे राहिले. "सात ते अकरा आपल्याकडं लाईट नसते, तवा माझा कंप्यूटर बंद. पन लाईट आल्यावर सकालचं पत्र पडायला पायजे. पडत न्हाय. रविवारचं पडतं. बाई, आपल्या सुतावर दुसऱ्या कोनाचा तरी लूम चालतोय. आन् त्याला रविवारची सुट्टी हाय."

मग त्यांना जुना कंप्यूटर आठवला. क्षितिजानं सुट्टीत येऊन नवा घेऊन दिला तेव्हा जुना त्यांनी मेलच्या खात्यासकट रघूला देऊन टाकला होता. रघू त्यांचा चुलतभाऊ, कोन गावातल्या एका गोडाऊनवर त्याच कंप्यूटरवर गाड्यांच्या नोंदी ठेवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं कोनला गेलो. तिथं जनरेटर होता, आणि गणपतीच्या सुमारास मालकानं इंटरनेटही घेतलं होतं. 

"या भाऊ," रघू म्हणाला. "आज बाईंना पन आनलंस? माझी हजेरी घ्यायला?"

केसरीनाथांनी नुसतं कंप्यूटरकडे बोट दाखवलं. 

"पोरीच्या ईमेल ना? येतात की. सकाली चालू केला का पयल्या त्याच पडतात. तेवीस झाल्या. आन् ह्या आठवड्यात कोन येडा 'सकाल एक, सकाल दोन' धाडत व्हता, त्याच्या येगल्या."

"ती मी," मी म्हणाले. रघूनं जीभ चावली.

"आन् तू बोलला न्हायस?" केसरीनाथांनी विचारलं.

"तुझ्याकडं पन पडत आसतील, आसं वाटलं. दुसऱ्याचं पत्र उघडू नये, यवढं कलतं मला. आन् रोज पोरीचं नाव दिसायचं. पुसवलं न्हाय."

त्याच्या भलेपणानंच घात केला होता. दोन कंप्यूटरांपैकी जो आधी उचलील त्याचं पत्र, दुसऱ्याला काही उरत नसे. रविवार सोडून, रातपाळी संपवून सकाळी लिहिलेलं प्रत्येक पत्र कोनला पडून होतं. दमून झोपायच्या आधी ती लिहीत होती.

केसरीनाथांनी सगळी पत्रं तिथंच वाचली. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, त्यांना त्याचं काही नव्हतं. काहींत मोगऱ्याची, त्यांच्या गुडघ्याची चौकशी होती, तीन पत्रं कराराबद्दलची होती. एकवीस डिसेंबरच्या पत्रात होतं, 'सही करू की परत येऊ? खरं सांगा. नुसतं ये एवढंच लिहिलंत तरी मी येईन.'

रघूनं गेटपासच्या प्रिंटरवर पत्रं छापून दिली. न फाडलेल्या कागदाची ती लांब पट्टी केसरीनाथांनी कापडाच्या ताग्यासारखी घडी घालून मांडीवर ठेवली.

संध्याकाळी मी शेजारी बसले असताना एका बोटानं त्यांनी उत्तर लिहिलं. मशीनचा बिघाड होता, पत्रं आज मिळाली. मोगरा जगलाय. गुडघा बरा आहे. शेवटी लिहिलं, 'वेळेवर मिळाली असती तरी मी सही कर असंच लिहिलं असतं.'

"खरं सांगा म्हणाली होती ती," मी म्हटलं. मी त्यांच्या डाव्या अंगाला बसले होते आणि तो कान जास्त गेलेला आहे. मी आवाज चढवून पुन्हा म्हटलं नाही. त्यांनी पत्र पाठवून दिलं.

मग नव्या कॅलेंडरच्या मागून त्यांनी गेल्या वर्षीचं काढलं आणि खडू घेतला.

"बाई, तारखा वाचा. मोठ्यानं."

घडी उलगडत मी वाचत गेले, ते गोल करत गेले. एकवीस डिसेंबरला खडू जरा थांबला. मग तिथंही गोल झाला, आणि त्यांनी पुढच्या तारखेसाठी माझ्याकडे पाहिलं.