विचारण्याचा अधिकार

शिनकान्सेन बुलेट ट्रेननं तोक्यो सोडलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. सेंदाईला उतरले तर बर्फ भुरभुरत होता. मी तोक्योजवळ इचिकावाला राहते, एका छोट्या व्यापारी कंपनीत नोकरी करते. ईशान्य किनाऱ्यावरच्या एका गावातून सातो-सान नावाच्या बाई आम्हाला चिकुवा (माशाचा लगदा काठीभोवती लपेटून भाजलेला पदार्थ) पाठवतात. भूकंपानंतरच्या त्सुनामीच्या लाटेत त्यांचा कारखाना गेला. मग तात्पुरत्या शेडमध्ये त्यांनी पुन्हा भट्टी पेटवली. आता नगरपालिका म्हणत होती, वसंत ऋतू सुरू होण्याआधी शेड रिकामी करा. आणि नवी जागा तर तयारच नव्हती. माल येणार की थांबणार, हे बघायला मी निघाले होते.

किनाऱ्यावरचे रूळ वाहून गेल्यामुळे सेंदाईपुढे बस. उतरले तिथं गाव असं दिसेचना. गाव उंच करण्यासाठी डोंगर कापून आणलेल्या मातीचे ढिगारे आणि त्यांवर फिरणारे डंपर. फोनवरच्या नकाशातला रस्ता मातीखाली गेला होता. बरंच भटकून, बुटांत चिखल घेऊन, एका शेडपाशी पोचले. टॉवेल वाळत घालणाऱ्या न्हाव्याला पत्ता विचारला.

"रस्ता परवाच हलवला," ते हसले. "पण तुम्ही पोचलात. सातो-सान म्हणजे शेजारचं दार." हे मोरी-सान.

साठी ओलांडलेल्या सातो-साननी आधी गरम चिकुवा हातात दिला, मग नमस्कार केला. बाहेरून खरपूस, आत मऊ. आत तीन बायका कामात होत्या आणि कोपऱ्यात एक सडपातळ गृहस्थ चहा पीत बसले होते. एन्दो-सान. छोट्या धंदेवाल्यांची बाजू सरकारी खात्यांपुढे मांडायची, हे त्यांचं काम, नेमणूकही सरकारचीच.

"म्हणजे तुम्ही नगरपालिकेचा हुकूम थांबवू शकता?" मी विचारलं.

"नाही."

"बदलू शकता?"

"नाही. मी विचारू शकतो. मी विचारलं की त्यांना कारणासकट उत्तर द्यावं लागतं. आणि ते उत्तर मला यांना समजेल असं सांगावं लागतं."

मला हे फारच तोकडं वाटलं. ते दिसलं असावं, कारण ते म्हणाले, "दुपारी बैठक आहे. या."

नगरपालिकेच्या खोलीत तरुण अधिकाऱ्यानं नियम वाचून दाखवला. एन्दो-साननी ऐकून घेतलं. "शेड गेल्यापासून नवी जागा मिळेपर्यंत सातो-साननी भट्टी कुठं लावायची?"

अधिकाऱ्यानं नियम पुन्हा वाचला. एन्दो-साननी प्रश्न पुन्हा विचारला, त्याच आवाजात.

मग सातो-सान बोलल्या. "माझ्याकडच्या तिघींना सेंदाईत काम मिळेल. गेल्या की त्या परत येणार नाहीत. मग हे उंच केलेलं गाव कुणासाठी?"

अधिकारी उठून वरिष्ठांकडे गेला. बऱ्याच वेळानं आला: नवी जागा ताब्यात मिळेपर्यंत सातो-सानची शेड राहील. शेजारची, मोरी-सानची, मात्र नाही. तिथून डंपरची वाट जाणार होती.

सातो-सान हसल्या नाहीत. एन्दो-सान थेट मोरी-सानकडे गेले, मी मागोमाग. त्यांनी उत्तर आणि कारण, दोन्ही उभ्यानं सांगितलं.

"मग तुमचा उपयोग काय?" मोरी-सान म्हणाले. हातातली कात्री त्यांनी टेबलावर आपटली.

एन्दो-सान कमरेत वाकले. "आज काही झाला नाही. तुमच्यासाठी उद्या परत विचारायला जातो." मग ते मला परतीच्या बसपर्यंत सोडायला आले.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बँकेत आहे. म्हणाला, "म्हणजे त्या माणसाच्या हातात काहीच नाही!"

उन्हाळ्यात ऑर्डरसाठी फोन केला तेव्हा सातो-साननी सांगितलं, मोरी-सान आता विस्थापितांच्या वसाहतीतल्या सभागृहात केस कापतात. जागा एन्दो-साननी विचारून विचारून मिळवली. आधी तीन खात्यांनी नाही म्हटलं होतं.

"आणि मोरी-सानचा राग?" मी विचारलं.

"आहे अजून," त्या म्हणाल्या. "पण एन्दो-सान केस त्यांच्याकडेच कापून घेतात. गप्प बसतात, मान खाली घालून. मोरी-सान बोलतात ते सगळं ऐकून घेतात."