कल्हईचा हंडा

विरारजवळच्या गास गावच्या शांताताईंना आपल्या विहिरीचा भारी तोरा. दारात नळ येऊन पंधरा वर्षं झाली, पण त्यांच्या घरात नळाचं पाणी फरशी पुसायला. प्यायला विहिरीचंच, आणि तेही पितळी हंड्यातलं, आतून पांढरीशुभ्र कल्हई केलेल्या. कोणी बाटलीचं पाणी काढलं की बाई नाक मुरडायच्या.

सून इशिता विरारला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. पाण्यातलं शिसं हुडकणारा सेन्सर तिथे तयार करत होते. एका रविवारी ती तो घरीच घेऊन आली. केवढीशी ती काळी पट्टी! तिच्यावर म्हणे केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्यांचा थर. पाण्यात जरासं आम्ल मिसळून थेंब टाकायचा. शिसं असलं तर नळ्यांवर साठतं, मग विजेने ते सुटलं की मोबाइलवरच्या आलेखात टेकाड उठतं. जितकं शिसं जास्त, तितकं टेकाड उंच.

शांताताईंनी मोठ्या ऐटीत हंड्यातून फुलपात्र भरून पुढे केलं. टेकाड उठलं. इशिताने पट्टी बदलली, पुन्हा उठलं. तिसऱ्या वेळीही तेच. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या आत हवं, इथे त्रेचाळीस होतं.

लहान मुलांच्या मेंदूला ते बाधतं, एवढंच ती बोलली आणि अंगणात खेळणाऱ्या अनुष्काकडे बघत राहिली. नात सव्वादोन वर्षांची. दोन महिने पोरगी धड जेवत नव्हती, सारखी किरकिर. दाढा येत असतील, असं शांताताईच सगळ्यांना सांगत होत्या.

मुलगा उमंग भडकला. शेजारच्या कारखान्यांच्या गाळ्यांमधलं घाण पाणी झिरपलं असणार, उद्याच माती टाकून विहीर बुजवतो म्हणाला. शांताताईंच्या सासऱ्यांनी खणलेली विहीर! त्या उठल्या, पोहरा सोडला आणि ताजं पाणी काचेच्या पेल्यात आणून सुनेपुढे ठेवलं. मनातल्या मनात त्यांनी गावच्या देवीला नारळ बोलला.

विहिरीच्या पाण्याचं टेकाड दिसेल न दिसेल एवढंच. शांताताईंनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो पुरता बाहेर पडायच्या आत त्यांची नजर हंड्यावर गेली.

जुना कल्हईवाला गेल्यापासून कोणी मिळत नव्हतं. सगळे म्हणाले, स्टील वापरा. पण बाईंचा हेका! कल्हईच्या भांड्यातलं खाल्ल्याशिवाय नातीच्या अंगी लागायचं नाही म्हणे. पापडी गावच्या बाजारात एक नवा कल्हईवाला दिसला, तर त्यांनी हंडा आणि पेजेचं पातेलं रिक्षात घालून नेलं होतं. त्याला अडीच महिने झाले. कल्हईच्या कथलात त्याने स्वस्त शिसं मिसळलं असणार. आंबटाने ते जास्तच सुटतं, आणि रोज त्याच पातेल्यात आमसूल टाकून केलेली पेज शांताताई नातीला मांडीवर घेऊन, चिऊकाऊ दाखवत भरवत होत्या.

"मीच घातलं गं तिच्या पोटात," त्या सुनेला म्हणाल्या. इशिताने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. तेच शांताताईंना फार लागलं.

नातीच्या रक्ताचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. रक्तात शिसं डेसिलिटरमागे पाच मायक्रोग्रॅमच्या आत हवं होतं, चौदा निघालं. डॉक्टर म्हणाले, भांडी बंद केलीत, आता हळूहळू उतरेल. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. मेंदूवर काही परिणाम झाला का, ते आज सांगता येणार नाही. तेव्हापासून पोरगी चालताना अडखळली, एखादा शब्द विसरली, की शांताताईंच्या काळजाचं पाणी होतं.

हंडा आणि पातेलं गेलं. आता विहिरीचं पाणी स्टीलच्या कळशीत असतं. परवा दुपारी अनुष्का खेळून घामाघूम होऊन आली आणि रिकामा पेला आजीपुढे धरला. "आजी, पाणी."

शांताताईंनी कळशीतून पेला भरला. नातीच्या ओठांपर्यंत नेला आणि हात तिथेच थांबला. पोरीने पेल्याला हात घातला, तसा त्यांनी तो उंच धरला.

"इशिता," त्यांनी आत हाक मारली, "आधी तुझ्या पट्टीवर घालून बघ."

इशिता म्हणाली, कालच तर बघितलं होतं, आई. शांताताईंनी पेला खाली केला नाही. नात तहानेने रडायला लागली, आणि त्या पेला धरून तशाच उभ्या राहिल्या.