मधलं घर शोधणारे टोचणीभाऊ

टोचणीभाऊ दारात दिसले की पोरं मागच्या दारानं पळत आणि मोठी माणसं भाताच्या कणगीवर घोंगडी टाकत. पोरांना धाक देवी टोचण्याचा, मोठ्यांना भाऊंच्या नजरेचा. कणगीकडे एकदा बघून ‘ह्या घरात भात शिमग्यापर्यंत हाय’ असं ते सांगत, आणि ते सहसा खरं ठरे.

पवनेच्या खोऱ्यात गावोगाव देवी टोचत फिरायची त्यांची नोकरी. मी तिथल्या शाळेत बाई म्हणून आले तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. लोणावळ्याकडे धरणांची कामं निघाली, तेव्हापासून त्यांनी एक जास्तीचं काम अंगावर घेतलं होतं. दर चार-पाच वर्षांनी खोऱ्यातल्या प्रत्येक घराची सालाची कमाई वहीत उतरवायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. कशासाठी करता, असं मी विचारलं तर म्हणाले, “धरनामुळं मावळ सुधरला म्हनत्यात, बाई. कुनाचा मावळ, ते बघाया नगं?”

‘तुझी कमाई किती?’ असं ते कधीच विचारत नसत. “त्याचं उत्तर देवसुद्धा खरं देनार न्हाई,” म्हणत. पोराचा दंड धरून ते आईला सहज विचारत, “भात कुटवर पुरलं? म्हस दूध किती देती? खंडाळ्याच्या बंगल्यावर कोन हाय कामाला?” आलेली सगळी उत्तरं मग ते भाताच्या पायल्यांत मांडत. “रुपया सालोसाल बारीक व्हतो. पायली हाय तेवढीच ऱ्हाती.”

एवढं झालं की कमी कमाईपासून जास्तीपर्यंत घरांची रांग लावायची, आणि रांगेतल्या बरोबर मधल्या घराची कमाई ती गावाची कमाई. मी वर्गात सरासरी शिकवणारी. मला हे काही पटत नव्हतं. पटलं ते शेतसाऱ्याच्या फेरपाहणीच्या वेळी.

पाहणीचे साहेब तरुण होते, माणूस सरळ. गावातल्या एक्केचाळीस घरांची कमाई एकत्र करून त्यांनी सरासरी काढली आणि शाळेच्या अंगणात जाहीर केलं, “गावाची ऐपत वाढली आहे. सारा वाढवायला हरकत नाही.” त्या बेरजेत धरणाच्या कामावर गब्बर झालेला ठेकेदारही होता.

भाऊ उठले. सरकारी नोकर, साहेबासमोर!

“साहेब, तुमच्या सरासरीचं घर तेवढं दावा मला.”

“तुम्ही देवी टोचा,” साहेब चिडून म्हणाले.

“टोचतोच हाय की, साहेब.”

सगळं अंगण हसलं. साहेबही ओशाळून हसले, आणि म्हणाले, “बरं, दाखवतो.”

कापणी झालेल्या खाचरात भाऊंनी घराघरातलं एकेक माणूस कमाईप्रमाणे रांगेत उभं केलं. केवढा कल्ला! “मी हिच्या वर कशी? माजी म्हस आटलीया!” भाऊ वही उघडत, ती मुकाट जागेवर जाई. मग साहेब खालच्या टोकापासून प्रत्येकाच्या पायल्या विचारत निघाले. एकविसाव्या, बरोबर मधल्या जागी तानूमावशी होती. दोन खाचरं आणि एक म्हैस एवढंच तिचं. साहेबांचा आकडा अजून लांब होता. तीस घरं झाली, पस्तीस झाली. चाळिसावा माणूस मागे पडला, तरी सरासरी येईना. पुढे एकटा ठेकेदार. दोघांच्या मधल्या मोकळ्या ढेकळांत साहेब थांबले.

“हितं कोन ऱ्हातं, साहेब?” भाऊंनी विचारलं.

साहेबांनी मागे वळून ती सगळी रांग पाहिली. “कुणीच नाही,” ते म्हणाले. टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि स्वतः तानूमावशीपाशी आले. “मावशी, तुमचं घर बघू द्या.”

साहेबांनी मग प्रत्येक गावाचं मधलं घर भाऊंच्या वहीतून घेतलं. सारा वाढला नाही. आमच्या गावाचा नाही आणि खोऱ्यातल्या कुठल्याच गावाचा नाही. निकाल कळला त्या दिवशी ठेकेदारानंच गूळ वाटला. त्यालाही सारा होताच की! बायकांनी भाऊंना ओवाळलं, आणि पोरं पहिल्यांदाच त्यांना बघून पळाली नाहीत.

भाऊंची शेवटची फेरी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीची. नोकरी संपली होती, हातात काठी आली होती. वरच्या ठाकरवाडीपर्यंत चढून गेले, उतरले, आणि शाळेच्या ओट्यावर बसून दोन दिवस हिशेब करत राहिले. तिसऱ्या दिवशी चालू वर्गात घुसून ओरडले, “बाई, वाढलं! ठेकेदाराचं न्हवं, मधल्या घराचं वाढलं! पोरं रेल्वेत लागली, कारखान्यांत लागली. पायल्या मोजून सांगतो, तीनदा ताळा केलाय!”

मी चौथ्यांदा ताळा केला. बरोबर होता. भाऊ फळ्याला टेकून उभे होते आणि उपरण्यानं डोळे पुसत होते. “तीस वर्सं ह्याची वाट बघत व्हतो,” म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षांनी भाऊ गेले. पुढची फेरी मी केली.