गायन : नाही

सांगलीला कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या नाट्यमंडळानं एका खेड्यातल्या शाहिरावर संगीत नाटक करायचं ठरवलं. शाहीर खरा कुणी नव्हता, नाटक बसवणाऱ्या सरांनी लिहिलेला होता. सरांची अट एकच होती. वादक बाजूला बसणार नाहीत. जो नट तोच वाजवणार आणि तोच गाणार. एवढी मुलं कॉलेजात मिळेनात, म्हणून बाहेरच्या माणसांनाही बोलवायचं ठरलं आणि निवड चाचणीसाठी एक रविवार धरला.

टेबलामागं तीन खुर्च्या होत्या. मधे सर, उजवीकडं पेटी वाजवणारे बँकेतले एक गृहस्थ आणि डावीकडं मी. मला खुर्ची मिळाली ती भाषेमुळं. सरांच्या शाहिराच्या तोंडी 'मला ठाऊक नाही' होतं, तिथं मी 'मला काय ठावं न्हाई' केलं होतं. असं पानोपान. सर म्हणाले, "हे तुला कसं जमतं रे?" मी म्हणालो, "गावाकडं कानावर पडतं, सर."

ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. माझे वडील गायन पार्टीत पुढं उभे राहून गायचे. जयंतीच्या महिन्यात, म्हणजे एप्रिलात, पार्टीला कऱ्हाडपासून इस्लामपूरपर्यंत बोलावणी असायची. सातवीपर्यंत मीही त्यांच्या शेजारी उभं राहून ओळी म्हटल्या होत्या. यातलं मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मंडळात नाव घालताना जो फॉर्म भरला, त्यात 'गायन' या शब्दापुढं मी 'नाही' लिहिलं होतं.

त्याला एक कारण होतं. पहिल्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये एका मुलानं झीलकऱ्याची नक्कल केली होती. झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागं तुणतुणं घेऊन उभा राहणारा. पुढच्यानं ओळ टाकली की तिचा शेवटचा शब्द उचलून हा वर नेतो, तोपर्यंत शाहीर दम घेतो. त्या मुलानं कानावर हात ठेवला, मान वाकडी केली, डोळे पांढरे केले आणि 'जी जी' ओढलं. हॉल हसला. मीही हसलो. हसताना माझ्या डोळ्यांसमोर तात्या होते, तरी हसलो.

तात्या माझे चुलते. वडिलांच्या मागं अठरा वर्षं त्यांनी झील धरली. पुढं वडिलांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, नुसती घरघर उरली. पार्टी मोडली. तात्या साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस आत पडतो तिथं, कामाला लागले. त्यांनी तुणतुणं आईच्या जुन्या लुगड्याच्या पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या मागं ते उभे राहिले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी या नाटकाबद्दल बोललो. खरं सांगायचं तर खुर्चीबद्दल बोललो. तात्या ऐकत होते. मग म्हणाले, "शाहिराचं नाटक, तर झीलकरी लागंलच की रं."

"लागंल की."

"मग आमाला घ्येतील?"

मी म्हणालो, "या की तात्या." ते येतील असं मला वाटलंच नव्हतं.

ते आले. परीटघडीचा पायजमा, धुतलेली टोपी, काखेत लुगड्याची पिशवी. हॉलच्या पायऱ्यांवर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वळख सांगू नगंस. न्हायतर म्हणतील, खुर्चीवर बसलाय, आन् घरचीच माणसं भरतोय. मी आपला कुनीतरी म्हनून यीन."

त्यांनी हे माझ्यासाठी सांगितलं. मला ते फार सोयीचं वाटलं.

त्यांचा नंबर दुपारी आला. सरांनी विचारलं, "काय म्हणून दाखवता?"

"मी झील धरतो."

"धरा की."

"कुनाची?"

मागं बसलेली मुलं हसली. सर हसले नाहीत. "तुमच्या आवडीचं काहीही म्हणा," ते म्हणाले.

तात्यांनी तुणतुण्याची खुंटी पिळली, तार लावली आणि वाजवायला सुरुवात केली. तो ताल मला झोपेतही कळला असता. ते गाणं वडिलांनी बांधलेलं होतं.

कृष्णेकाठी गाव आमचं, गावाबाहेर वस्ती,
दिवस उगवायच्या आदी पोरं पुस्तक घेऊन बसती.

पुढच्यानं पहिली ओळ टाकायची आणि तात्यांनी 'वस्ती' हा शब्द उचलून वर न्यायचा, अशी त्या गाण्याची रीत. तात्यांनी डावा हात कानाशी नेला आणि थांबले. तार वाजत होती. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. ते पुढच्याची वाट बघत होते. अठरा वर्षं पुढून ओळ आली होती, ती येणारच अशा सवयीनं उभे होते. आणि मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. झीलकरी पुढच्याच्या मानेकडं बघतो, तसंच.

ओळ माझ्या जिभेवर होती. मी समोरच्या कागदाकडं बघितलं.

"अहो, आवाज ऐकायचाय," सर म्हणाले. "नुसतं तुणतुणं नको."

"आवं, म्होरनं कुनीतरी टाकाय पायजे. मग मी उचलतो."

बँकेतले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे एकावर एक फुकट घ्यायचा का?" आता हॉल मोठ्यानं हसला. तात्याही थोडं हसले, हात तसाच कानाशी धरून.

सर माझ्याकडं वळले. "तुला यातलं कळतं. काय म्हणतायत हे?"

मी म्हणालो, "सर, ते साथीला असतात. एकट्यानं म्हणत नाहीत."

"मग पुढं म्हणणारं आहे का कुणी?" त्यांनी सगळ्या हॉलला विचारलं. थोडा वेळ थांबलेसुद्धा. त्या वेळात मी काय विचार करत होतो ते मला आजही नीट आठवतं. मी 'वस्ती' या शब्दाचा विचार करत होतो. तो शब्द तात्या किती वर नेतात, किती वेळ धरून ठेवतात, ते मला माहीत होतं. तो संपेपर्यंत हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं असतं की मी कुठला, कुणाचा. फॉर्मवर खोटं लिहिलं तेही कळलं असतं.

कुणी उठलं नाही. सर म्हणाले, "बरं, कळवू." तात्यांनी हात खाली घेतला, टेबलाला नमस्कार केला आणि तुणतुणं पिशवीत घातलं. प्रत्येकाच्या नंबरापुढं शेरा लिहायचं काम माझ्याकडं होतं. मी लिहिलं, 'ताल उत्तम. गायन : नाही.'

संध्याकाळी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. तेच माझी समजूत काढत होते. "गप बसलास ते ब्येस केलंस. न्हायतर बोल लागला असता तुला." मग बसच्या खिडकीतून म्हणाले, "टाक की एक वळ. लय दिसांनी तार लावलीया. हितं कोन हाय तुझ्या वळखीचं?"

मी इकडंतिकडं बघितलं. "गाडी सुटतीया, तात्या," मी म्हणालो. गाडीला अजून दहा मिनिटं होती. ड्रायव्हर कँटीनमध्ये चहा घेत होता.

तीन दिवसांनी मी सरांना सगळं सांगितलं. ओरडतील, मंडळातून काढतील असं वाटलं होतं, आणि काढावं असंही वाटत होतं. सर म्हणाले, "अरे, मग म्हणायचं होतंस ना. मी तसाच माणूस शोधतोय. परवा घेऊन ये त्यांना. पुढं तू म्हण." एवढंच. शहरातल्या लोकांना आमचं कळत नाही, असं एक कारण मी मनात तयार ठेवलं होतं. तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी मी गावाकडं निघालो आणि आधी कारखान्यावर उतरलो. पाळी सुटल्यावर तात्या गेटमधून बाहेर आले. अंगावर उसाचा भुस्सा होता. मी सरांचा निरोप सांगितला.

"तू सांगितलंस सरास्नी? बरं केलंस." मग वस्तीच्या वाटेला लागले. "पर म्या न्हाई यायचा."

"का?"

"हात कानाला लावून हुबा ऱ्हायलो रं मी. तेवढ्या मान्सांत." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "तसा कवा हुबा ऱ्हायलो न्हवतो."

वस्ती जवळ आली तसे ते म्हणाले, "घरी काय इषय काडू नगंस. दादाला मी येगळं सांगितलंय."

दादा म्हणजे माझे वडील. ते दारात बाजेवर बसले होते. मला बघितल्याबरोबर उठले. त्यांचा आवाज ऐकायला जवळ जावं लागायचं.

"म्हनला ह्यो मला," त्यांनी तात्यांकडं बोट केलं. "तू वळ टाकलीस म्हनं. खुर्चीवरनं उटून. सगळी गप झाली म्हनं."

मी तात्यांकडं बघितलं. ते आत जाऊन लुगड्याची पिशवी घेऊन आले, खाली बसले आणि खुंटी पिळायला लागले.

"मला बी म्हनून दाव," वडील म्हणाले. "तेवडीच वळ."

तार सुरू झाली. मी म्हटलं. ओळ खाली लागली. तात्यांनी हात कानाशी नेला आणि 'वस्ती' उचलला. माझ्या खालच्या सुरातून काढून त्यांनी तो कुठल्या कुठं नेला. शेजारच्या दारात बायका येऊन उभ्या राहिल्या. वडिलांचे ओठ हलत होते.

झील संपली. वडिलांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "तितं असंच म्हनलास?"

तात्या माझ्याकडं बघत होते. हॉलमध्ये बघितलं होतं तसंच.

"व्हय," मी म्हणालो.