एका अक्षराचं गाणं

युरोपातलं हजारेक वर्षांपूर्वीचं चर्चसंगीत पुन्हा जिवंत करण्याच्या कामात माझ्या वाट्याला एकच अक्षर आलं होतं. ओ.

निवड मात्र गुणांवर झाली होती. आमच्या वरच्या मजल्यावर फिलोमिना मॅडम राहतात. शाळेत संगीत शिकवतात. ती जुनी प्रार्थनागीतं आजच्या लोकांनी ऐकावीत म्हणून त्यांनी गायकांचा गट जमवला होता. एकदा मी पार्किंगमधून चौथ्या मजल्यावरच्या वडिलांना हाक मारली. माझं "आण्णाऽऽऽ" संपेपर्यंत मॅडम जिना उतरून खाली हजर! असा दमसास त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. गाण्यात दोन आवाज होते. आठजण वर चाल फिरवणार आणि मी खाली एकच सूर धरून उभा राहणार, इमारतीच्या पायासारखा. (पाया कुणाला दिसत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.)

दोन महिने मी तो 'ओ' घोटला. पहिल्याच सकाळी बायकोला, सुनीताला, वाटलं गीझर बिघडला. तिने तो बंद केला. अंगावर गार पाणी पडताच माझा सूर आपोआप दोन पट्ट्या वर गेला. महाळुंग्याला कंपनीत जाताना मी हेल्मेटमध्ये सराव करायचो. सिग्नलला शेजारचा दुचाकीवाला कळवळून म्हणाला, "भाऊ, बेअरिंग गेलंय तुमच्या गाडीचं."

आण्णा रोज सोफ्यावर बसून सगळं ऐकायचे. त्यांची हयात मोशीच्या भजनी मंडळात गेलेली. एकदा त्यांनी विचारलं, "म्होरलं कवा शिकवणार हायेत?"

पुढचं काही नाही, एवढंच आहे, असं मी सांगितलं. त्यांनी टीव्ही लावला.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी, चिंचवडच्या एका शाळेच्या सभागृहात होता. मी अख्ख्या शिफ्टला बोलावलं होतं (पेंट शॉपचा सुपरवायझर आहे मी, पोरांना यावंच लागलं). पहिल्या रांगेत सुनीता, तिच्या शेजारी टोपी घातलेले आण्णा आणि मंडळातले त्यांचे तीन मित्र. मुलगा देवाचं गातोय, मग भाषा कुठली का असेना!

मॅडमनी हात उचलला. माझा सूर लागला, आठजण चाल घेऊन वर निघाले. मिनिटभराने पाहतो तर आण्णांच्या कपाळाला आठ्या. ते शेजाऱ्याच्या कानाशी लागले, शेजाऱ्याने हळहळून मान हलवली. भजनात एखादा अडला की दुसऱ्याने उचलायचं असतं, त्याला पडू द्यायचं नसतं. आण्णा उठले, कानावर हात ठेवला आणि मोकळ्या गळ्याने "ओऽऽऽ" लावला. मागोमाग तिघेही उठले.

मॅडमचे डोळे मोठे झाले, पण हात थांबला नाही. मी इतका दचकलो की माझा श्वासच संपला. मी गप्प झालो. आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही! त्या चौघांनी गाणं शेवटपर्यंत तोलून धरलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या शिफ्टची पोरं तर शिट्ट्याही वाजवत होती.

मॅडम लगबगीने आल्या त्या थेट आण्णांकडे. पुढच्या तालमीपासून चौघांनीही यायचं, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. मी मागेच उभा होतो. न राहवून म्हणालो, "आण्णा, मी अडलो नव्हतो. ते गाणंच तसं आहे."

आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाणं ठावं हाय मला. दोन म्हैनं ऐकतुय की. 'ओ' हाय ते. तू 'आ' लावला व्हतास."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या एकाएकी कागद आवरण्यात गुंतल्या. मग मी आशेने सुनीताकडे वळलो.

"अहो," ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही जांभई देताय."